पातीदाराला दार हवं

गेले दोन महिने इंदुरातल्या मराठी घरांमध्ये एकाच कंपनीची चर्चा चालू आहे. सांवेर रोडवरचा कारखाना, दोन पिढ्यांची मेहनत, आणि आता एका पातीने, म्हणजे वाटेकरी घराने, कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात अर्ज केला आहे की आमच्यावर अन्याय होतोय, तो दूर करा, नाहीतर कंपनी गुंडाळा. नाव इथे लिहिण्याचं कारण नाही. माझा त्या प्रकरणाशी संबंध नाही आणि त्यात कोण खरं, कोण खोटं हे मला माहीत नाही. मला अस्वस्थ करते ती त्याभोवतीची चर्चा. रामबागेतल्या एका मुंजीच्या पंगतीत मी स्वतः ऐकलं: “चालता कारखाना बंद पाडायला निघालेत, सव्वाशे माणसांच्या पोटावर पाय देणार.” समोरच्या पंक्तीतून तेवढ्याच तावातावाने उत्तर आलं, “कायद्याने हक्क दिलाय, मग का सोडायचा?” दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून बोलत होत्या, की अर्ज करणाऱ्याला कंपनी बंदच करायची आहे.

मी तेवीस वर्षं या शहरात कंपन्यांच्या सभांचे, ठरावांचे, भागांच्या, म्हणजे शेअर्सच्या, नोंदींचे कागद करते. त्या अनुभवावरून माझं मत स्पष्ट आहे. ‘कंपनी गुंडाळा’ अशी मागणी करणारा पातीदार बहुतेक वेळा कंपनीचा वैरी नसतो. त्याला बाहेर पडायचं असतं आणि बाहेर पडायला दुसरं दार नसतं. खासगी कंपनीतल्या अल्पमतातल्या भागधारकाला आपला हिस्सा पूर्ण किमतीला विकून मोकळं होण्याचा सरळ हक्क कायद्याने दिला पाहिजे. तो मिळेपर्यंत गुंडाळण्याची तरतूद, कितीही कठोर वाटली तरी, बोथट होऊ देता कामा नये.

आधी कायद्यातलीच एक गाठ दाखवते, कारण पंगतीतल्या भांडणाचं मूळ तिथे आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 241 आणि 242 ही जुलूम आणि गैरव्यवस्थापनाची कलमं आहेत. त्यांच्याखाली न्यायाधिकरण पुष्कळ काही करू शकतं: संचालक काढणं, व्यवहार रद्द करणं, एका गटाला दुसऱ्याचे भाग विकत घ्यायला लावणं. पण जुलमाची दाद मागताना कारभार जुलमी आहे एवढं दाखवून भागत नाही. ही कंपनी गुंडाळणं न्याय्य ठरेल इतकी परिस्थिती बिघडली आहे, मात्र गुंडाळली तर अर्जदाराचंच अन्यायकारक नुकसान होईल, हेही दाखवावं लागतं. म्हणजे ज्याला कंपनी जगलेली हवी आहे त्यालाही अर्जात आधी लिहावं लागतं की ही कंपनी मरणाच्या लायकीची झाली आहे. मग गावभर होतं, ‘बंद पाडायला निघाले.’ ही भाषा अर्जदाराची नाही, कायद्याने त्याच्या तोंडी घातलेली आहे. इंग्लंडमध्ये 1945 च्या कोहेन समितीनंतर 1948 च्या कायद्यात हा उपाय आला, तोच मुळी गुंडाळण्याला पर्याय म्हणून. आपण 1951 मध्ये तो आपल्या जुन्या कायद्यात घातला आणि 1956 च्या कायद्यात कलम 397 म्हणून पक्का केला. इंग्लंडने 1980 मध्ये गुंडाळणं न्याय्य ठरेल हे दाखवण्याची अट काढून टाकली, कारण तिच्यामुळे दाद मागणारे हात हलवत परत जात होते. आपण मात्र 2013 मध्ये नवा कायदा लिहिताना ती जशीच्या तशी पुढे आणली. का?

माझ्याकडे आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते. काकू म्हणजे नात्याने नव्हे, वयाने. तिघा भावांची पेढी होती, पोलो ग्राउंडजवळच्या एका शेडमध्ये सुरू झालेली, सारख्या पातीची. मोठं कर्ज हवं होतं, बँकेने सुचवलं, म्हणून पेढीची प्रायव्हेट लिमिटेड झाली. पुढे दोनदा भांडवल वाढवलं. काकूंच्या यजमानांनी त्या वर्षांत मुलीचं लग्न केलं होतं, त्यांना पैसे घालता आले नाहीत. ते गेले तेव्हा हिस्सा चौदा टक्क्यांवर आला होता. काकू आल्या त्या कापडी पिशवीत भागांचे दाखले घेऊन. दाखल्यांच्या घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, आणि सोबत अकरा वर्षांच्या सभांच्या नोटिसा, तारखेनुसार सुतळीने बांधलेल्या. ग्वाल्हेरच्या कंपनी निबंधकाकडे भरलेले ताळेबंद मी काढले. अकरा वर्षांत लाभांश एकदाही नाही. संचालक असलेल्या दोन्ही दिरांचे, त्यांच्या मुलांचे पगार दरवर्षी चढते. एका दिराच्या पत्नीच्या नावावरच्या गोदामाला कंपनी भाडं देते, तेही चढतं. काकूंनी लाभांशाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “वहिनी, तुम्हाला काय कमी आहे?” दिवाळीला फराळाचा डबा आणि एक पाकीट घरी यायचं.

मग राइट्स इश्यूची, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे भाग देऊ करण्याची, नोटीस आली. पन्नास लाखांचं भांडवल, दहा रुपयांचे पाच लाख भाग, त्यातले सत्तर हजार काकूंचे. प्रत्येक भागामागे एक नवा भाग, दहा रुपयांनाच. पंधरा दिवसांत सात लाख भरा, नाहीतर तुमच्या वाट्याचे भाग इतर घेतील. कागदावर अन्याय कुठेच दिसत नाही, सगळ्यांना सारखी संधी. पण कंपनीची नक्त मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारी, त्या वेळी सुमारे नऊ कोटी होती, म्हणजे दहा रुपयांच्या त्या भागाची पुस्तकी किंमत एकशे ऐंशी रुपये. काकूंनी पैसे भरले नसते तर चौदाचे सात टक्के झाले असते आणि सव्वा कोटीच्या आसपासचा हिस्सा साडेसहासष्ट लाखांवर आला असता. जवळजवळ साठ लाख रुपये एका साध्या ठरावाने या घरातून त्या घरात गेले असते. शिवाय सभासद होते तेवीस. अशा कंपनीत अर्ज करायला निदान तीन सभासद हवेत, किंवा दहा टक्के भांडवल. सात टक्क्यांवर आलेल्या एकट्या बाईला न्यायाधिकरणाकडे आधी ती अट माफ करण्याची विनंती करावी लागली असती, मग तक्रार. काकूंनी तेराव्या दिवशी एफडी मोडून पैसे भरले. पुढच्या वर्षी पुन्हा तीच नोटीस आली, या वेळी चौदा लाखांची. तेव्हा अर्ज केला.

त्यांनी कंपनी बंद करा म्हणून वकील गाठला नव्हता. आधी दिराला म्हणाल्या होत्या, माझा हिस्सा घ्या आणि मला मोकळं करा. त्यावर आलेलं उत्तर असं: “दर्शनी किंमत दहा रुपये, तेवढे देतो.”

इथे बहुमताचं तत्त्व पुढे केलं जातं आणि ते हलकं तत्त्व नाही. 1843 मध्ये इंग्लंडच्या फॉस विरुद्ध हार्बॉटल खटल्यापासून कायदा म्हणत आला आहे की कंपनीचा कारभार बहुमताने चालायचा, न्यायालयाने त्यात नाक खुपसायचं नाही. मला ते मान्य आहे. नवं यंत्र घ्यायचं की नाही, माल कुणाला उधार द्यायचा, हे न्यायाधीश ठरवू लागले तर एकही कारखाना चालणार नाही. पण बहुमताचं राज्य न्याय्य वाटतं ते कशामुळे? निवडणुकीत हरलेल्याला पुढची निवडणूक असते. शेअर बाजारातल्या कंपनीत नाराज झालेल्याला सकाळी भाग विकून दुपारी मोकळं होता येतं. खासगी कंपनीत यातलं काय आहे? भाग कुणाला विकायचे यावर कायद्याच्या व्याख्येतच निर्बंध आहे, तो असल्याशिवाय कंपनी खासगी ठरतच नाही. बाहेरचा कोणी चौदा टक्के घेणार नाही आणि घेतले तर संचालक नोंदणार नाहीत. लाभांश द्यायचा की नाही हे संचालक ठरवतात, संचालक ठेवायचा की काढायचा हे निम्म्याहून अधिक मतं ठरवतात. विशेष ठराव अडवायलाही पंचवीस टक्क्यांहून जास्त मतं हवीत. चौदा टक्केवाला हरतो, उद्याही हरणार असतो, आणि त्याला उठूनही जाता येत नाही. त्या अवस्थेला लोकशाही म्हणणं मला पटत नाही.

सगळ्यात जड आक्षेप कामगारांचा आहे, आणि इंदुरात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या देण्याचा चेक निघाला 25 डिसेंबर 2023 ला. 224 कोटी रुपये, सुमारे 4,800 कामगार, तीस वर्षांहून जास्त वाट. कितीतरी जण तोवर गेले होते, पैसे वारसांना मिळाले. ‘अवसायन’, म्हणजे कंपनी गुंडाळणं, हा शब्द या शहरात असा कमावलेला आहे. ज्या घरात हे घडलं त्या घरातल्या माणसाने ‘कंपनी गुंडाळा’ हे शब्द ऐकून दचकावं, यात चूक काहीच नाही.

पण तुलना तपासून घ्यावी लागते. मिल बुडाली होती, देणी होती आणि पैसा नव्हता. भागधारकांच्या भांडणातली कंपनी बहुधा नफ्यातली असते, म्हणून तर भांडण असतं. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनंतर कायद्यानेही हे दोन रस्ते वेगळे केले आहेत. कर्ज फेडता येत नाही हे कारण आता कंपनी कायद्यातल्या गुंडाळण्याच्या कारणांमध्ये राहिलेलंच नाही, ते संहितेकडे गेलं. ‘न्याय्य आणि उचित’ हे कारण मात्र कलम 271 मध्ये उरलं. आणि कलम 273 सांगतं की दुसरा उपाय असताना अर्जदार विनाकारण गुंडाळण्याचाच हट्ट धरत असेल तर न्यायाधिकरण नाही म्हणू शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही हिंद ओव्हरसीजच्या निकालात हा शेवटचा उपाय मानला आणि तिथे गुंडाळण्याला नकार दिला. तेव्हा कामगारांचं नाव पुढे करणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. त्यांची काळजी असेल तर अल्पमतातल्याचा हिस्सा रास्त किमतीला घेऊन भांडण आजच का मिटवत नाही? कारखाना ओलीस कोण ठेवतंय, पैसे मागणारा की न देणारा?

न्यायालयं कारखाना वाचवून कज्जा सोडवू शकतात याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 1958 चा इंग्लंडमधला हार्मर खटला, टपाल तिकिटांचा व्यापार करणाऱ्या घराचा. वडिलांनी धंदा उभा केला आणि भाग मुलांना दिले, पण मतांचा ताबा स्वतःकडे ठेवला. वय नव्वदीकडे झुकलं तरी संचालक मंडळाचे ठराव ते जुमानत नव्हते, मंडळाचा विरोध असताना ऑस्ट्रेलियात शाखा काढली, आपल्याच नोकरांवर गुप्तहेर नेमला. मुलं न्यायालयात गेली. न्यायालयाने कंपनीला हात लावला नाही. वडिलांना अधिकार नसलेलं तहहयात अध्यक्षपद दिलं, तिकिटांचे सल्लागार म्हणून पगार बांधून दिला आणि कारभार मंडळाकडे सोपवला. आजोबांचा शब्द खाली पडू न देणारी किती घरं आपल्याकडे आहेत! त्यांच्याही मानाला धक्का लागला नसता असा तो निवाडा.

दुसरा आक्षेप अडवणुकीचा. पाच-दहा टक्केवाला उठतो, सगळीकडे तक्रारी करतो, बँकेला पत्रं लिहितो, आणि शेवटी अव्वाच्या सव्वा रक्कम मागतो. हे घडतं. मी बहुमताच्या बाजूनेही काम केलं आहे आणि एका चुलतभावाने चांगल्या चाललेल्या कंपनीचं कर्ज दीड वर्ष कसं अडकवून ठेवलं ते जवळून पाहिलं आहे. पण अडवणूक फोफावते कुठे? जिथे रास्त किंमत काय हे कुणी ठरवून दिलेलं नाही तिथे. 1999 मध्ये ओ’नील विरुद्ध फिलिप्स या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, वाट दाखवली. बहुमताने हिश्शाच्या प्रमाणात पूर्ण किंमत देऊ केली, लहान हिस्सा म्हणून वजावट केली नाही, किंमत तटस्थ तज्ज्ञाकडून ठरवायची तयारी ठेवली आणि हिशेबाचे कागद दोघांना सारखे खुले केले, तर त्यानंतर अन्यायाची तक्रार टिकत नाही. एका नियमाने दोन्ही माणसं सरळ होतात. दहा रुपये देऊ करणाऱ्याला दहा रुपयांवर बसता येत नाही आणि दहापट मागणाऱ्याचा अर्ज तिथेच संपतो. आपल्या कलम 242 मध्ये भाग विकत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे, पण किंमत कशी आणि कुठल्या तारखेची, वजावट करायची की नाही, यावर ते गप्प आहे. ती जागा भरायला एक पानही लागणार नाही.

वजावटीबद्दल थोडं अधिक. मूल्यांकन करणारे म्हणतात, चौदा टक्क्यांना बाजारात कोण विचारतो, म्हणून किंमत तीस टक्के कमी धरा. बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी ते बरोबर असेल. पण इथे गिऱ्हाईक दीर आहेत. त्यांच्या हातात ते चौदा टक्के पडले की कंपनी पूर्ण त्यांची होते, त्यांच्यासाठी तो तुकडा लहान नसतो. शिवाय ज्याच्या वागण्यामुळे विकायची वेळ आली त्यालाच स्वस्तात द्यायचं, हा कुठला न्याय?

आता ‘घरातलं घरात मिटवावं’ या म्हणण्याकडे येते. मनापासून म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मीही आधी तेच सुचवते. पण आपल्या घरांची जुनी रीत काय होती ते विसरून चालणार नाही. एकत्र कुटुंबात वाटणी मागणं हा कुणाच्याही संमतीवाचूनचा हक्क होता. 1916 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या प्रकरणात तो स्वच्छ सांगितला: एखाद्या सहहिस्सेदाराने वेगळं व्हायचा निश्चय स्पष्टपणे कळवला की तो वेगळा झाला, बाकीच्यांनी मान डोलवायची गरज नाही. तो माणूस दावा चालू असतानाच वारला होता आणि भांडत होती त्याची विधवा. योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये येनिजे टोबॅको कंपनीचा निकाल लागला. दोन मालक एकमेकांशी बोलत नसत, निरोप सचिवामार्फत पाठवत. कंपनी नफ्यात होती, तरी न्यायालयाने ती गुंडाळली, कारण आत राहिला होता फक्त भागीदारीचा सांगाडा. 1972 च्या इब्राहिमी खटल्यातही तेच. दोघे गालिचांचे व्यापारी, 1945 पासून बरोबरीचे भागीदार, 1958 मध्ये कंपनी केली, एकाचा मुलगा आत आला, आणि 1969 मध्ये बापलेकांनी मतं एकत्र करून दुसऱ्याला संचालकपदावरून काढलं. लाभांश नव्हता, नफा संचालकांच्या पगारातून वाटला जाई. वाचताना मला काकूंच्या सुतळीने बांधलेल्या नोटिसा आठवल्या.

पेढी होती तेव्हा काय होतं? 1932 चा भागीदारी कायदा सांगतो की मुदत न ठरलेली भागीदारी कुणीही एकाने लेखी नोटीस देऊन संपवावी. काकूंच्या यजमानांना तो हक्क होता. प्रायव्हेट लिमिटेडच्या कागदांवर सही केली त्या दिवशी तो गेला, आणि टेबलाभोवती बसलेल्या तिघा भावांपैकी एकालाही ते कळलं नाही. बँकेने सांगितलं नाही आणि, हे मी माझ्या व्यवसायाबद्दल खेदाने लिहिते, कागद करणाऱ्यानेही सांगितलं नाही. आपण कर्जासाठी घराचं रूप बदललं आणि त्यात मागचं दार चिणून टाकलं. संस्थापनेच्या वेळीच नियमावलीत बाहेर पडण्याचं कलम घालणं शक्य असतं. मी आता प्रत्येकाला ते घालायला लावते, पण जुन्या हजारो कंपन्यांचं काय?

इंदूरहून तासाभरावर देवास आहे. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांनी अठराव्या शतकात ते मिळवलं. आधी कारभार एकत्र होता, पुढे वाटणी झाली, एकाच गावात दोन राज्यं: थोरली पाती आणि धाकटी पाती. गैरसोय फार झाली असणार, एका गावाला दोन दरबार म्हणजे काय ते आपण समजू शकतो. पण दोन्ही पात्या 1948 मध्ये मध्य भारत राज्यात विलीन होईपर्यंत नांदल्या. पाती हा शब्दच वाट्याचा आहे, व्यापारातला भागीदार तो पातीदार. वाटा आहे पण तो कधीच हातात येणार नाही, अशी पाती आपल्या भाषेला माहीत नव्हती.

मोठ्या घरांची उदाहरणंही समोर आहेत. टाटा सन्समध्ये 18.37 टक्के हिस्सा असलेल्या शापूरजी पालनजी समूहाने न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि 26 मार्च 2021 ला हरला. तिथे जुलूम झाला नव्हता असं न्यायालयाने ठरवलं आणि ते मी वादात ओढत नाही. बघायची गोष्ट दुसरी आहे. ज्यांच्याकडे देशातले सर्वोत्तम वकील होते त्यांनाही निकालानंतर तो हिस्सा तसाच धरून बसावं लागलं. मग रामबागेतल्या काकूंनी काय करायचं? याउलट 1981 मध्ये नीडल इंडस्ट्रीजच्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी जुलूम सिद्ध होत नाही असं म्हणूनही, नवे भाग कमी किमतीला दिले गेले त्याची भरपाई ते भाग न मिळालेल्या भागधारक कंपनीला द्यायला लावली. दोष सिद्ध झाला तरच दाद, या चौकटीबाहेर पाऊल टाकता येतं, हे तिथे दिसलं.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. कंपनीच्या खेळत्या भांडवलावर ताण येईल हे खरं आहे. पण हप्ते बांधता येतात, तारण घेता येतं, तीन वर्षांची मुदत देता येते. काकूही त्याला तयार होत्या. कलम 422 सांगतं की न्यायाधिकरणाने असा अर्ज तीन महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा. काकूंच्या अर्जाला चौथं वर्ष चालू आहे. इतक्या तारखांत कुठल्याही कंपनीने हप्ते फेडून टाकले असते.

सुरुवातीला त्यांच्या वकिलांनी गुंडाळण्याची मागणी मागे ठेवली होती. समाजात नाव खराब होईल, असं काकूंनाच वाटत होतं. गेल्या सुनावणीत ती मागणी पर्याय म्हणून जोराने पुढे करणार असं आम्ही लेखी कळवलं. आठव्या दिवशी दिरांचा फोन आला आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “वहिनी, किती हवेत?” काकूंनी आकडा सांगितला नाही. म्हणाल्या, आधी गोदामाच्या भाड्याचे आणि पगारांचे अकरा वर्षांचे हिशेब पाठवा, मग बसून बोलू.